शानेदार: काचेचा पाहुणा आणि हरवलेली हम्सी



या महिन्यात आपण समुद्रात उतरू या, आणि तेही अशा एका जिवासाठी, जो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. त्याला हाडे नाहीत, रक्त नाही, हृदय नाही, मेंदू नाही. शरीराचे शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. ओंजळीत घ्यायला जावे तर बोटांमधून ओघळून जाईल, इतका नाजूक. पण याच जिवाच्या एका जातीने चाळीसेक वर्षांपूर्वी एका अख्ख्या समुद्राचा हिशेब बिघडवला आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी कोळी घरांचा रोजगार अडचणीत आणला. एवढ्याशा जिवाला हे जमले कसे, आणि दोष खरोखर त्याचाच होता का, हे आज पाहायचे आहे. ही हकिकत तुर्कस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरची आहे, पण तिचा एक धागा आपल्या मुंबई बंदरापर्यंतही येतो.

आधी नावाचे पाहू. शास्त्रज्ञ या गटाला टेनोफोरा म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ 'कंगवा बाळगणारे'. इंग्रजीत यालाच कोम्ब जेली, म्हणजे कंगवाजेली, हे नाव पडले. ज्या घरांत उर्दू-फारसी वाचली जाते, तिथे 'शाना' हा शब्द माहीत असतो. शाना म्हणजे खांदा, आणि शाना म्हणजे कंगवाही. इराणी लोकांनी याच शब्दावरून या प्राण्याला 'शानेदार' म्हटले. आम्हाला हे नाव फार आवडले, म्हणून इथेही तेच वापरतो.

आवळ्यावरच्या आठ रेषा

शानेदारांच्या दीडशे-दोनशे जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही नखाएवढ्या लहान, तर एक जात फितीसारखी मीटरभराहून लांब वाढते. त्यातली ओळख करून घ्यायला सर्वांत सोपी जात म्हणजे एक-दोन सेंटीमीटरचा गोल, पारदर्शक गोळा. एखाद्या लहान आवळ्याची कल्पना करा. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत उभ्या रेषा असतात, तशाच याच्या अंगावरही असतात, मात्र मोजून आठ. या प्रत्येक रेषेवर अतिशय बारीक केसांच्या पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या असतात. पट्टी पाहिली तर अगदी कंगव्याच्या दातांची आठवण होते.

हे आठ कंगवे म्हणजे त्याची वल्ही. वाऱ्याची झुळूक आली की गव्हाच्या शेतावरून जशी लाट सरकत जाते, तशी या पट्ट्यांवरून हालचालीची लाट सरकते आणि प्राणी संथपणे पुढे जातो. केसांच्या बळावर पोहणारे इतरही जीव आहेत, पण ते बहुतेक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याइतके लहान असतात. या पद्धतीने पोहणाऱ्यांत सर्वांत मोठा आकार शानेदारांचाच.

प्रकाशात पोहताना त्याच्या अंगावरून लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या ओळी धावताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, हा स्वतःच चमकतो आहे. प्रत्यक्षात हा रंग त्याच्या अंगात नसतो. बारीक केसांच्या ओळींवर पांढरा प्रकाश पडतो आणि त्यातले रंग फाकून वेगळे होतात. घरात जुनी सीडी पडली असेल तर ती उन्हात तिरकी धरून पाहा. सीडीच्या बारीक रेघांवर जे घडते, तेच इथे घडते. शानेदारांच्या अनेक जाती अंधारात स्वतःचा निळसर-हिरवा उजेडही पाडतात, पण तो वेगळा. दिवसा दिसणारे इंद्रधनुष्य हे केवळ प्रकाशाचे काम आहे.

आणि हा दिसत का नाही? रमजानमध्ये शरबतात भिजवलेला सब्जा आठवा. प्रत्येक बीभोवती जेलीसारखे वेष्टण फुगलेले असते, पण पेल्यात आपल्याला दिसतो तो फक्त काळा ठिपका. वेष्टण पाण्यात पाण्यासारखेच असते. शानेदाराचे सगळे अंग त्या वेष्टणासारखे. उघड्या समुद्रात लपायला ना दगड, ना झुडूप. तिथे पाण्यासारखे होऊन जाणे हाच आडोसा.

बरेच जण याला जेलीफिशचे पिल्लू समजतात. नाते तितके जवळचे नाही. जेलीफिशच्या तंतूंत डंख असतो. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर येणाऱ्या निळ्या 'ब्ल्यू बॉटल'चा प्रसाद ज्यांना मिळाला आहे, त्यांना डंख म्हणजे काय ते सांगायला नको. ब्ल्यू बॉटल जेलीफिशच्याच गोतावळ्यातली. शानेदाराजवळ असा डंख नाही. आवळ्यासारख्या जातीला दोन लांब तंतू असतात आणि त्यांवर गोंदासारख्या चिकट पेशी असतात. भक्ष्य चिकटले की तंतू आत ओढून घ्यायचा, एवढीच त्याची शिकार. माणसाला त्याच्यापासून काही इजा नाही. तरीही मुलांना एक गोष्ट बजावून ठेवा: वाळूवर पडलेली जेलीसारखी कोणतीही वस्तू ओळखल्याशिवाय हातात घ्यायची नाही.

मेंदू नसताना त्याला वर-खाली कसे कळते? डोक्याच्या टोकाला एक छोटीशी कुपी असते आणि तिच्यात चार केसांच्या झुबक्यांवर एक बारीक खडा तोललेला असतो. प्राणी कलला की खड्याचा भार एका बाजूच्या झुबक्यावर जास्त पडतो आणि त्या बाजूच्या कंगव्यांचा वेग बदलतो. गवंडी पाणसळीतला बुडबुडा पाहून भिंत सरळ आहे की नाही ते ठरवतो. शानेदाराच्या अंगातच ती पाणसळ बसवलेली आहे.

समुद्री अक्रोड

आता आपल्या हकिकतीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो येतो. त्याचे शास्त्रीय नाव नीमिऑप्सिस लेडी. अमेरिकेत त्याला 'समुद्री अक्रोड' म्हणतात, कारण आकार सोललेल्या अक्रोडासारखा, दोन मोठ्या पाळ्यांचा. पूर्ण वाढला की साधारण मुठीएवढा होतो. त्याचे मूळ घर अटलांटिक महासागराची अमेरिकेकडची बाजू, उत्तरेला मॅसॅच्युसेट्सपासून दक्षिणेला अर्जेंटिनापर्यंत.

या अक्रोडाच्या सवयी ऐकण्यासारख्या आहेत. तो पाण्यातले अतिसूक्ष्म प्राणी खातो, ज्यांना प्लवक म्हणतात. माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लेही खातो. शिकारीसाठी तो धावत नाही. आपल्या केसांनी पाण्याचा इतका हलका प्रवाह तयार करतो की भक्ष्याला आपण ओढले जात आहोत याचा पत्ताच लागत नाही. खाणे मुबलक असेल तर पोट भरल्यावरही तो पकडतच राहतो आणि जास्तीचे गोळे करून चिकट लाळेसकट बाहेर टाकून देतो. खाणे नसेल तर अंग आक्रसून घेतो आणि कित्येक दिवस तग धरतो.

वंशवाढीचे तर विचारूच नका. प्रत्येक अक्रोड एकाच वेळी नर आणि मादी असतो, त्यामुळे एकटा सापडला तरी अंडी घालू शकतो. जन्मानंतर जेमतेम दोन आठवड्यांत तो अंडी घालू लागतो आणि मोठा झाल्यावर दिवसाला हजारोंनी घालतो. शरीराचा तुकडा तुटला तर जखम काही तासांत मिटते. 2024 साली संशोधकांना असेही दिसले की दोन जखमी अक्रोड एकमेकांना चिकटून एकच प्राणी होऊ शकतात. एकाला स्पर्श केला की दुसराही आक्रसतो.

आपल्या मुलखात मात्र हा काबूत राहतो. तिथे त्याला खाणारे मासे आहेत, इतर शिकारी आहेत, थंडीचा मोसम आहे. गडबड झाली ती तो परमुलखात गेल्यावर. आणि तो स्वतःहून गेला नाही, त्याला नेण्यात आले.

जहाजाच्या पोटातले पाणी

मालवाहू जहाज माल उतरवून रिकामे झाले की हलके होते आणि लाटांवर डोलू लागते. तोल राहावा म्हणून त्याच्या तळाशी टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरून घेतात. पूर्वीच्या काळी याच कामासाठी दगड आणि वाळू भरत. या पाण्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. जहाज दुसऱ्या बंदरात पोहोचले, नवा माल चढू लागला की ते पाणी तिथे सोडून द्यायचे. एका मोठ्या जहाजातून असे हजारो टन पाणी येते-जाते. त्या पाण्याबरोबर अंडी, पिल्ले, शेवाळ, शिंपल्यांची बाळे, जंतू, सारे काही प्रवास करते. यांना ना पासपोर्ट लागतो, ना कस्टमचा दाखला.

समुद्री अक्रोड अशाच एखाद्या जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाला आणि काळ्या समुद्रात, उर्दूतल्या बहीरा-ए-अस्वदमध्ये, उतरला असावा असे शास्त्रज्ञ मानतात. 1982 साली क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ तो पहिल्यांदा नजरेस आला. तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही.

काळा समुद्र समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चारी बाजूंनी जमीन, बाहेर पडायला इस्तंबूलजवळची बॉस्फरसची चिंचोळी वाट. डॅन्यूबसारख्या मोठ्या नद्या त्यात गोडे पाणी ओततात. हे हलके पाणी वर तरंगते आणि खालचे खारे, जड पाणी तसेच पडून राहते. त्यामुळे दीडशे-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायूच नाही, तिथे विषारी गंधकयुक्त वायू विरघळलेला आहे. समुद्र दोन हजार मीटरहून खोल, पण मासे जगतात ते फक्त वरच्या पातळ थरात. हंडा मोठा, पण अन्न फक्त वरच्या वाटीभर, असा हा प्रकार.

हम्सीचे काय झाले

त्या वरच्या थरात राहणारा सर्वांत लाडका मासा म्हणजे हम्सी. बोटाएवढा, चंदेरी, थव्याने फिरणारा. आपली मांदेली याच कुळातली, म्हणजे हम्सी ही मांदेलीची दूरची बहीण समजा. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, ट्रॅबझोन आणि रिझेकडे, हम्सीशिवाय हिवाळा नाही. तिथल्या घरांत ती मक्याच्या पिठात घोळवून तळतात, भांड्याला आतून हम्सीचे अस्तर लावून त्यात भात शिजवतात. सतराव्या शतकात ऑटोमन मुसाफिर एवलिया चेलेबी ट्रॅबझोनला गेला, तेव्हा लोकांचे हम्सीवेड पाहून त्याने आपल्या सियाहतनाम्यात त्याची दखल घेतली. आपल्याकडे रत्नागिरीच्या दालदी वस्तीत बांगड्याचा मोसम आला की जी लगबग असते, ती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हम्सीची किंमत कळेल.

1988 साली तुर्की कोळ्यांनी सुमारे तीन लाख टन हम्सी पकडली. पुढच्याच वर्षी समुद्री अक्रोडाची अफाट वाढ झाली. 1989 च्या शरद ऋतूत समुद्रात जाळे टाकले तर माशांऐवजी चिकट जेलीच वर येई. दोन वर्षांत हम्सीची पकड लाख टनांच्याही खाली गेली. ज्या बोटी कर्ज काढून घेतल्या होत्या, त्या धक्क्याला लागल्या. समुद्राच्या उत्तरेकडे, सोव्हिएत बाजूलाही तीच गत.

मार्ग सरळ होता. हम्सीची पिल्ले जे प्लवक खातात, तेच अक्रोड खातो. त्यामुळे पिल्लांच्या तोंडचा घास गेला. वर हम्सीची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लेही त्याच्या पोटात जात होती. एकाच वेळी भाकरही गेली आणि पाळणाही रिकामा झाला.

दोष कोणाचा?

त्या काळी सगळ्या जगाने बोट अक्रोडाकडे दाखवले. वर्तमानपत्रांना एक राक्षस हवा असतो, तो मिळाला. पण शास्त्रज्ञांनी जुने हिशेब काढून पाहिले तेव्हा गोष्ट एवढी साधी राहिली नाही.

अक्रोड येण्याआधीच काळ्या समुद्राचे घर आतून पोखरले गेले होते. मोठे शिकारी मासे आणि डॉल्फिन माणसांनी आधीच भरमसाट मारले होते. हे मोठे प्राणी कमी झाले म्हणून लहान हम्सीची संख्या वाढली, आणि मग हम्सीमागे आणखी मोठ्या बोटी, आणखी मोठी जाळी लागली. समुद्र देऊ शकत होता त्याहून जास्त ओढले जात होते, आणि वयात न आलेली हम्सीही त्यातच येत होती. दुसरीकडे डॅन्यूबच्या काठच्या देशांतून शेतातले रासायनिक खत आणि शहरांचे सांडपाणी वाहत येत होते. त्या खतावर समुद्रात शेवाळ माजले, किनाऱ्यालगतच्या तळाशी प्राणवायू संपून मासे गुदमरले, आणि प्लवकांचे चक्र बदलले.

म्हणजे जो घास हम्सी खाणार होती, तो खायला हम्सीच पुरेशी उरली नव्हती. रिकाम्या दस्तरख्वानावर बिनबोलावलेला पाहुणा येऊन बसला आणि सगळे फस्त करून गेला. दार उघडे ठेवणारे हात माणसांचे होते.

याला एक पुरावा आहे. 1990 नंतर मासेमारीचा दाब काहीसा उतरला. सोव्हिएत गट कोसळल्यावर पूर्व युरोपातल्या शेतांना खत परवडेनासे झाले आणि नद्यांतून येणारा भारही हलका झाला. अक्रोड समुद्रात होताच, तरीही 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तुर्कस्तानच्या हम्सीची पकड बरीच सावरली. सगळा दोष एकट्या अक्रोडाचा असता तर हे झाले नसते. त्याचा वाटा नेमका किती आणि माणसाचा किती, यावर आजही जाणकारांत वाद आहे. दोन्ही मिळून घात झाला, एवढे मात्र सगळे मानतात.

दुसरा पाहुणा

1997 मध्ये काळ्या समुद्रात आणखी एक परदेशी शानेदार सापडला. त्याचे नाव बेरो. हाही बहुधा जहाजाच्या पाण्यातूनच आला. आकार एखाद्या लहान थैलीसारखा, तंतू नाहीत, तोंड मात्र भले मोठे. या बेरोचे खाणे काय, तर दुसरे शानेदार! आपल्यापेक्षा फारसा लहान नसलेला अक्रोडही तो आख्खा गिळतो, आणि गिळता आला नाही तर तोंडातल्या दातांसारख्या राठ केसांनी त्याचा लचका तोडतो.

बेरो आल्यावर दोन वर्षांत अक्रोडाची संख्या झपाट्याने उतरली. आता उन्हाळ्यात अक्रोड वाढतो, मागोमाग बेरो वाढतो, अक्रोड संपत आले की बेरोही उपासमारीने कमी होतो. काळ्या समुद्राला थोडी उसंत मिळाली. पण याला इलाज म्हणायचे तर तो योगायोगाने सापडलेला इलाज होता. एक परका जीव घालवायला दुसरा परका जीव मुद्दाम सोडणे किती धोक्याचे, हे शेतीच्या इतिहासात अनेक देशांनी भोगले आहे. उसातले किडे खातील म्हणून 1935 साली ऑस्ट्रेलियात बेडूक आणले गेले. त्यांनी किड्यांकडे फारसे पाहिलेही नाही, पण ते विषारी बेडूक देशभर पसरले.

कॅस्पियनची कहाणी

काळ्या समुद्रातून अक्रोड पुढे निघाला. सोव्हिएत काळात, 1952 साली, व्होल्गा आणि डॉन या नद्यांना जोडणारा कालवा खुला झाला होता. त्या कालव्यातून जहाजे काळ्या समुद्राच्या बाजूने कॅस्पियन समुद्रात, म्हणजे इराणी लोकांच्या दर्या-ए-खजरमध्ये, जाऊ लागली. कॅस्पियन चारी बाजूंनी बंद. नैसर्गिक वाट कुठलीच नाही. पण माणसाने वाट केली, आणि 1999 मध्ये अक्रोड तिथेही सापडला.

तिथे हम्सीच्या जागी किल्का नावाचा मासा आहे, आपल्या तारलीच्या नात्यातला. इराणच्या गिलान आणि माझंदरान प्रांतांतले कोळी त्याच्यावर जगतात. काही वर्षांतच इराणची किल्काची पकड निम्म्याहून खाली आली. किल्का खाऊन जगणाऱ्या कॅस्पियन सीलवर आणि मोठ्या माशांवरही संकट आले. इराणी संशोधकांनी बेरोला कॅस्पियनच्या पाण्यात जगवता येईल का, याचे प्रयोग केले. पण कॅस्पियनचे पाणी काळ्या समुद्राहूनही कमी खारे, ते त्या प्रयोगांत बेरोला नीट मानवले नाही. एका समुद्रातला इलाज दुसऱ्या समुद्रात चालेलच असे नाही, हा धडा तिथे मिळाला.

मुंबईपर्यंत येणारा धागा

जहाजाच्या पाण्यातून असे जीव जगभर फिरत आहेत, हे उघड झाल्यावर देशांना एकत्र यावे लागले. 2000 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने बॅलास्ट पाण्याचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी जगातली सहा ठिकाणे निवडली होती. काळ्या समुद्रावरचे ओदेसा त्यात होते, इराणचे खार्ग बेट होते आणि आपली मुंबईही होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या बंदरांतल्या जिवांची पाहणी केली, म्हणजे उद्या कोणी परका आला तर आधी काय होते ते माहीत असावे.

2004 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 8 सप्टेंबर 2017 रोजी तो लागू झाला. जहाजाने बॅलास्ट पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात बदलावे, असा सुरुवातीचा नियम होता, आणि आता तर ते गाळून, अतिनील किरणांनी किंवा अन्य उपायांनी त्यातले जीव नष्ट करूनच सोडावे, असा नियम आहे. अक्रोडाच्या हकिकतीने या कराराची गरज जगाला पटवून दिली, असे म्हटले तर वावगे नाही.

आपला किनारा यापासून सुरक्षित आहे, असे समजू नये. दक्षिण अमेरिकेतला चारू नावाचा शिंपला केरळच्या अष्टमुडी सरोवरात पसरला आणि तिथल्या स्थानिक शिंपल्यांची जागा त्याने घेतली. गोड्या पाण्यातले उदाहरण तर आपल्या घरात आहे. उजनी धरणाच्या काठी विचारा, पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता जाळ्यात चिलापीच का भरते. चिलापी मूळची आफ्रिकेची. तिलाही माणसानेच आणले.

अरबी समुद्रात शानेदारांच्या स्वतःच्या जाती आहेत. त्या इथल्याच, त्यांचे इथे शिकारी आहेत, त्यांची इथे जागा आहे. त्यांच्याशी आपले भांडण नाही. घरचा माणूस आणि घुसखोर यांत जो फरक, तोच इथे. जीव वाईट नसतो, त्याला चुकीच्या जागी नेऊन सोडणे वाईट असते.

जुना वंश

शानेदार पृथ्वीवर नवे नाहीत. चीनमध्ये त्यांचे ठसे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडले आहेत. इतक्या मऊ अंगाचा ठसा दगडावर उमटतो, हेच नवल. 2023 मध्ये गुणसूत्रांची तुलना करणाऱ्या एका संशोधनाने असा निष्कर्ष काढला की प्राण्यांच्या कुळवृक्षाची सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी शानेदारांची असावी. पूर्वी हा मान समुद्री स्पंजला दिला जाई, आणि या बाबतीत अभ्यासकांचे अजून एकमत नाही. त्याच वर्षी असेही दिसले की अक्रोडाच्या बाळाच्या अंगातले काही मज्जातंतू एकमेकांना सलग जोडलेले असतात. आपल्या मज्जापेशींसारखी त्यांच्यामध्ये फट नसते.

इतका जुना वंश इतकी वर्षे फारसा अभ्यासला का गेला नाही? कारण तो हाती लागत नाही. जाळ्यात फाटतो, आणि अनेक जाती जपून ठेवण्याच्या औषधात टाकल्या की विरघळून जातात. जे बरणीत ठेवता येते, त्याचाच अभ्यास आधी होतो. शाळेतही तसेच होते. जे मूल उठून बोलते, ते बाईंना दिसते. पारदर्शक मुलाकडे मुद्दाम वळून पाहावे लागते.

आपल्या हाती काय?

काळा समुद्र दूर आहे, पण त्याने दिलेला इशारा आपल्या बाजारात लागू पडतो. समुद्राचे रिज्क ही अमानत आहे, आणि अमानतीत खयानत केली की बरकत जाते, एवढे आपल्या दादी-नानींना कुठल्याही संशोधनाशिवाय ठाऊक होते. आम्हाला सुचलेल्या काही गोष्टी अशा.

पहिली, पिल्लू मासा घेऊ नका. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केले, तेही त्याला वाचवण्यासाठीच. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचा ढीग स्वस्तात मिळतो, तेव्हा तो न घेणे हे गिऱ्हाइकाच्या हातात आहे. गिऱ्हाईकच नसेल तर बारीक जाळे कोण टाकेल? कोळीणबाईंशी हुज्जत घालू नका, फक्त मोठा मासा मागा.

दुसरी, घरातल्या काचपेटीतले परदेशी मासे किंवा कासव नकोसे झाले म्हणून ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडू नका. बिचाऱ्याला मोकळे केले, सवाबाचे काम झाले, असे अनेकांना मनापासून वाटते. त्या एका जिवावरची ही दया तळ्यातल्या शेकडो जिवांवर संकट होऊ शकते. दुकानदाराला परत द्या, नाहीतर सांभाळणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्या.

तिसरी, ज्यांच्या घरची मुले जहाजावर नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी. कोकणातल्या आपल्या घरांमध्ये अशी मुले कमी नाहीत. ती सुट्टीवर आली की त्यांना बॅलास्ट पाण्याबद्दल जरूर विचारा. जहाजावर त्याची स्वतंत्र नोंदवही असते आणि ती खरी लिहायची असते. रात्रीच्या अंधारात, कोणी पाहत नसताना, ती वही खरी लिहिणारा खलाशी एखाद्या किनाऱ्याचे अन्न वाचवत असतो. त्या किनाऱ्यावरची माणसे त्याला कधी ओळखणार नाहीत. त्याच्या अम्मी-अब्बांनी मात्र त्याला शाबासकी द्यावी.

मुलांसाठी

नेहमीप्रमाणे तीन कामे. एक, भिजवलेला सब्जा काचेच्या पेल्यात पाण्यात टाका, दोन हातांवरून पाहा आणि काय दिसते, काय दिसत नाही ते लिहा. दोन, जगाच्या नकाशावर अमेरिकेचा पूर्व किनारा, काळा समुद्र, डॉन-व्होल्गा कालवा आणि कॅस्पियन समुद्र शोधून अक्रोडाचा प्रवास पेन्सिलीने काढा. तीन, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की त्यांच्या लहानपणी बाजारात, नदीत किंवा विहिरीत कोणते मासे मिळत, आणि आज त्यातले कोणते मिळत नाहीत. नावे वहीत उतरवून ठेवा. जी नावे लिहून ठेवली जात नाहीत, ती माशांबरोबरच नाहीशी होतात.

पुढील महिन्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा भेटू.